हायब्रीड गाडीची ताकद नेमकी कुठे अडते? ट्यूनिंगला हात घालणाऱ्या नवशिक्यांसाठी

पेट्रोल गाडीच्या ट्यूनिंगचा ठरीव क्रम बहुतेक हौशी लोकांना तोंडपाठ असतो: आधी मोकळा एअर फिल्टर, मग मोठ्या व्यासाचा एक्झॉस्ट आणि शेवटी इंजिनाच्या संगणकाचे रिमॅपिंग, म्हणजे त्याच्या सॉफ्टवेअरमधील आकडे बदलणे. हाच क्रम हायब्रीड गाडीला जसाच्या तसा लावला, तर बहुधा आवाज वाढतो, मायलेज घटते आणि वेग मात्र होता तिथेच राहतो. सुटे भाग वाईट असतात असे नाही. हायब्रीडमध्ये ताकद अडते ती जागाच वेगळी असते. ती जागा शोधल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नये, एवढ्या एका आग्रहापोटी हा लेख लिहिला आहे.

२००९ साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसचे आकडे यासाठी फार बोलके आहेत. तिचे १.८ लिटरचे इंजिन ७३ किलोवॉट शक्ती देते आणि त्याच्या जोडीची विद्युत मोटर ६० किलोवॉटची आहे. बेरीज १३३ होते; कंपनी मात्र संपूर्ण गाडीची शक्ती १०० किलोवॉट सांगते. मधले ३३ किलोवॉट कुठे गेले? कुठेच नाही, कारण ते एकाच वेळी कधी उपलब्धच नव्हते. बॅटरी एका वेळी साधारण २७ किलोवॉटच देऊ शकते. मोटरला लागणारी त्यापुढची वीज इंजिनाकडूनच जनरेटरमार्फत येते, म्हणजे ती इंजिनाच्या ७३ मध्ये आधीच मोजलेली असते. अशा गाडीत कोणी मोटर दुप्पट मोठी बसवली, तरी बॅटरी तीच असल्यामुळे गाडी फारशी वेगवान होणार नाही.

२०१४ च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीईमध्ये ११० किलोवॉटचे टर्बो इंजिन आणि ७५ किलोवॉटची मोटर आहे, पण जाहीर शक्ती १५० किलोवॉट आहे. इथे कारण निराळे आहे. इंजिन आणि मोटर यांची कमाल शक्ती मिनिटाला तेवढ्याच फेऱ्यांवर येत नाही, शिवाय दोघांचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ज्या गिअरबॉक्समधून जातो त्यालाही आपली मर्यादा असते. बेरीज न जुळण्याची लक्षणे सारखी दिसली, तरी दोन गाड्यांवरचे उपाय त्यामुळे सारखे नसतात.

पहिली पायरी: आपली गाडी कोणत्या जातीची आहे ते ओळखणे

‘हायब्रीड’ या एका शब्दाखाली निदान चार वेगळ्या रचना येतात. सर्वांत सोपी म्हणजे ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रीड. तिच्यात बहुधा पट्ट्याने जोडलेला एक स्टार्टर-जनरेटर इंजिनाला थोडा हात देतो, पण गाडी मुख्यतः इंजिनावरच चालते. अशा गाडीत टर्बो इंजिन असेल, तर तिचे ट्यूनिंग नेहमीच्या टर्बो गाडीसारखेच समजावे.

दुसरी रचना इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध पातळ मोटर बसवण्याची. होंडाची २०१० साली आलेली सीआर-झेड याच जातीची. १.५ लिटरचे इंजिन आणि सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स असल्यामुळे ती हौशी लोकांना जवळची वाटली, आणि होंडाच्याच अमेरिकेतील रेसिंग विभागाने तिच्यासाठी सुपरचार्जरचा संच काढला होता. इंजिनाची फिरकी सरळ गिअरबॉक्सकडे जात असल्यामुळे तिथे इंजिनाची वाढवलेली ताकद चाकापर्यंत पोहोचू शकते.

तिसरी रचना टोयोटाच्या प्रियसची, आणि नवशिक्यांची सर्वाधिक गफलत इथेच होते. तिच्यात गिअर बदलणारा गिअरबॉक्स नाही; एक प्लॅनेटरी गिअर इंजिनाची ताकद दोन वाटांनी फोडतो. मधल्या छोट्या चाकाला ३० दाते असतात आणि त्याला जनरेटर जोडलेला असतो. बाहेरच्या कड्याला ७८ दाते असतात आणि ते गाडीच्या चाकांकडे जाते. इंजिन या दोहोंच्या मधल्या चौकटीला जोडलेले असल्यामुळे त्याच्या टॉर्कपैकी ७२ टक्के कड्याकडे आणि २८ टक्के जनरेटरकडे जातो, आणि हे प्रमाण दात्यांनीच ठरवलेले असल्यामुळे कोणत्याही सॉफ्टवेअरने बदलत नाही. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. इंजिनाचा १४२ न्यूटन-मीटर टॉर्क चाकांपर्यंत पोहोचायचा असेल, तर जनरेटरने उलट दिशेने सुमारे ३९ न्यूटन-मीटरचा टेकू सतत द्यावा लागतो. उद्या टर्बो बसवून इंजिनाचा टॉर्क वाढवला आणि जनरेटरला तेवढा वाढीव टेकू देता आला नाही, तर जास्तीची ताकद चाकांकडे न जाता इंजिनाच्या फेऱ्या वाढवण्यात वाया जाईल. शिवाय गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला १,००० फेऱ्यांनी फिरले, तर जनरेटर ३,६०० फेऱ्यांनी फिरतो. म्हणजे कमी वेगात फेऱ्यांची कमाल मर्यादाही इंजिनाआधी जनरेटरच गाठतो.

जपानच्या सुपर जीटी मालिकेत २०१२ मध्ये उतरलेल्या प्रियसमध्ये मूळचे चार सिलिंडरचे इंजिन ठेवलेच नव्हते. त्या जागी ३.४ लिटरचे व्ही-८ शर्यतीचे इंजिन बसवून हायब्रीडचा भाग त्याच्या जोडीला दिला होता. शर्यतीच्या संघालाही मूळ यंत्रणेतून हवी तेवढी ताकद काढण्यापेक्षा ती बदलणे सोपे वाटले, यातच बरेच काही आले.

चौथी जात प्लग-इन, म्हणजे बाहेरच्या सॉकेटवर चार्ज होणाऱ्या हायब्रीडची. हिच्यात बॅटरी मोठी असल्यामुळे मोटरला पुरेशी वीज मिळते, आणि अनेक प्लग-इन गाड्यांत टर्बो इंजिन व नेहमीच्या धर्तीचा गिअरबॉक्स असतो. ट्यूनिंगला खरा वाव मिळतो तो याच गाड्यांत.

दुसरी पायरी: विजेपुढची शिस्त

हायब्रीड गाडीच्या मुख्य बॅटरीचा दाब जीवघेणा असतो. वर सांगितलेल्या प्रियसची बॅटरी २०१.६ व्होल्टची आहे आणि इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी बदलून देणारी पेटी) तो दाब ६५० व्होल्टपर्यंत चढवतो. माइल्ड हायब्रीडसाठी ४८ व्होल्ट निवडण्याचे एक मोठे कारण हेच आहे, की ६० व्होल्टच्या खालचा डीसी दाब हाताळायला तुलनेने सुरक्षित मानला जातो. नारिंगी आवरणाची प्रत्येक केबल उच्च दाबाची असते, आणि तिला किंवा ती जिथे जाते त्या कोणत्याही पेटीला नवशिक्याने हात लावू नये. हा नियम भीतीपोटी सांगितलेला नाही. इथे चूक करून शिकण्याची सोय नाही, म्हणून सांगितला आहे.

प्रशिक्षित तंत्रज्ञसुद्धा गाडी बंद करतो, चावी दूर ठेवतो, १२ व्होल्टची बॅटरी सोडवतो, १,००० व्होल्टसाठी तपासलेले रबरी हातमोजे घालून सर्व्हिस प्लग (मुख्य बॅटरीचे सर्किट तोडणारा खटका) काढतो, आणि इन्व्हर्टरमधील वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे होण्यासाठी कंपनीने सांगितलेला वेळ, प्रियसच्या बाबतीत निदान १० मिनिटे, थांबून मगच मीटरने दाब शून्य झाल्याची खात्री करतो. यातील एखादा टप्पा वगळणाऱ्या कार्यशाळेकडे, तिचे इतर काम कितीही नावाजलेले असले तरी, गाडी देऊ नये.

आणखी एक साधी गोष्ट अनेकदा विसरली जाते. हायब्रीड गाडी आवाज न करता ‘चालू’ असू शकते, आणि बॉनेटखाली हात असताना इंजिन आपोआप सुरू होऊ शकते.

तिसरी पायरी: हरवलेली ताकद आधी परत मिळवणे

जुनी हायब्रीड गाडी घेतलेल्या माणसाला जी ‘मंद’ वाटते, ती पुष्कळदा नुसती आजारी असते. म्हणून पहिला खर्च ओबीडी-२ सॉकेटमध्ये (गाडीच्या संगणकातील माहिती वाचण्याच्या जोडात) बसणाऱ्या रीडरचा आणि हायब्रीडचे आकडे दाखवणाऱ्या ॲपचा असावा. बॅटरीचा चार्ज किती टक्के, तिच्यातील सेलच्या प्रत्येक गटाचा व्होल्टेज, तापमान, इन्व्हर्टरचे तापमान आणि दोन्ही मोटरांच्या (मुख्य मोटर आणि जनरेटर) फेऱ्या, एवढे दिसले की निम्मे निदान झाले. जोरात वेग घेताना एखाद्या गटाचा व्होल्टेज इतरांपेक्षा बराच खाली कोसळत असेल, तर ती बॅटरी थकली आहे आणि संगणक तिला वाचवण्यासाठी शक्ती कमी करतो आहे, असे समजावे. अशा गाडीला रिमॅप करणे म्हणजे ताप असलेल्या माणसाला शर्यतीला उभे करणे होय.

बॅटरीला थंड ठेवणारा पंखा हा याच्याशीच जोडलेला विषय आहे. प्रियसमध्ये त्याचे हवा घेण्याचे तोंड मागच्या सीटच्या बाजूला असते. तिथे धूळ, सुती तंतू आणि पाळीव प्राण्यांचे केस साचतात, बॅटरी तापते आणि शक्ती घटते. जाळी आतल्या बाजूने पोहोचण्याजोगी असेल, तर व्हॅक्यूम क्लीनरने ती स्वच्छ करणे हे बिनखर्चाचे आणि अनेकदा सर्वांत परिणामकारक ‘ट्यूनिंग’ ठरते. मात्र पंखा काढण्यासाठी बॅटरीचे आवरण उघडावे लागत असेल, तर ते काम तंत्रज्ञाकडे सोपवावे.

तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये इंजिनाकडे परत पाठवल्या जाणाऱ्या एक्झॉस्ट वायूचा कूलर काजळीने भरण्याची तक्रार सर्वपरिचित आहे. तो साफ केल्याशिवाय तिच्या इंजिनावर जास्तीचा भार टाकू नये. इन्व्हर्टरसाठी अनेक गाड्यांत इंजिनापेक्षा वेगळे कूलंट आणि वेगळा विद्युत पंप असतो, हेही लक्षात ठेवावे. इंजिनाचे कूलंट बदलून समाधान मानणारे लोक या दुसऱ्या टाकीकडे पाहतच नाहीत. १२ व्होल्टची बॅटरी क्षीण असेल, तर परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या दोषांचे कोड उमटतात, म्हणून तीही आधीच तपासून घ्यावी.

चौथी पायरी: आधी मोजणे, मग बदलणे

हायब्रीडच्या कामगिरीचे मोजमाप फसवे असते. बॅटरीत चार्ज भरपूर असताना घेतलेली वेळ आणि तोच चार्ज खाली गेल्यावर घेतलेली वेळ यांत एवढा फरक पडतो, की त्यापुढे कोणत्याही फिल्टरचा परिणाम दिसेनासा होतो. मी स्वतः एकदा नवा एअर फिल्टर बसवल्यावर गाडी स्पष्टपणे चपळ झाल्याची खात्री बाळगली होती, आणि नोंदी काढून पाहिल्यावर कळले की पहिल्या चाचणीच्या वेळी बॅटरी जवळजवळ तळाला होती.

त्यामुळे प्रत्येक चाचणीच्या आरंभी चार्जची टक्केवारी, बॅटरीचे आणि कूलंटचे तापमान, टायरमधील हवा आणि गाडीतील वजन सारखे ठेवावे. मोजमाप बंद ट्रॅकवर, दोन्ही दिशांनी घ्यावे आणि सरासरी काढावी. उभ्या गाडीपासून घेतलेल्या वेळेपेक्षा ताशी ६० ते १०० किलोमीटर हा टप्पा अधिक भरवशाचा असतो, कारण सुरुवातीच्या चाकफिरीचा गोंधळ त्यात येत नाही. त्यानंतर हीच चाचणी विश्रांती न देता सहा वेळा करावी. पहिली आणि सहावी वेळ यांतला फरक व त्या दरम्यान कोणते तापमान वाढत गेले, यावरून आपल्या गाडीची ताकद कुठे अडते ते उघड होते. चार्ज संपत असेल तर अडचण बॅटरीच्या क्षमतेची आहे. चार्ज असूनही शक्ती घटत असेल तर उष्णतेची. डायनोवर (चाकांवरची शक्ती मोजणाऱ्या रोलरच्या यंत्रावर) जायचे झाल्यास गाडीला विशेष देखभाल मोडमध्ये ठेवावे लागते का, हे कार्यशाळेला आधी विचारावे, कारण दोनच चाके फिरताना पाहून स्थिरता-नियंत्रण शक्ती कापते आणि छापील आलेख निरर्थक ठरतो.

पाचवी पायरी: टायर, ब्रेक आणि सस्पेन्शन

प्रियसच्या जातीच्या गाडीवर खर्च करायचा असेल, तर तो इथे करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारखान्यातून येणारे टायर बहुधा कमी रोधाचे असतात. त्यांची पकड मर्यादित असते आणि वळणावर गाडी कमकुवत भासते त्याचे मुख्य कारण तेच असते. चांगल्या पकडीचे टायर घातल्यास मायलेज काही प्रमाणात उतरते, पण थांबण्याचे अंतर आणि वळणावरचा वेग दोन्ही सुधारतात. मापाची निवड करताना बाहेरचा व्यास राखावा. प्रियसवर मुळातच मिळणाऱ्या १९५/६५ आर १५ आणि २१५/४५ आर १७ या दोन मापांच्या व्यासांत दीड टक्क्याच्या आसपासच फरक आहे, पण टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची सुमारे १२७ मिलिमीटरवरून ९७ वर येते, म्हणून स्टिअरिंगला प्रतिसाद लवकर मिळतो आणि खड्डेही अधिक जाणवतात. व्यास फार बदलला, तर स्पीडोमीटरबरोबरच मोटरांच्या फेऱ्यांचे गणितही हलते. जड रिम टाळावीत.

ब्रेकच्या बाबतीत एक गैरसमज आहे, की हायब्रीडमध्ये मोटरच गाडी थांबवते, मग पॅडची काय चिंता? हिशेब करून पाहू. १,४०० किलोग्रॅमची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून ४ सेकंदांत थांबवायची, तर सुमारे ५४० किलोज्यूल ऊर्जा शोषावी लागते, म्हणजे सरासरी १३५ किलोवॉट. बॅटरी २७ किलोवॉट परत घेते असे धरले, तरी पाचपैकी चार हिस्से पॅड आणि डिस्क यांनाच पचवावे लागतात. बॅटरी भरलेली असेल किंवा एबीएस काम करू लागले असेल, तर मोटरचा वाटा जवळजवळ शून्य होतो. उलट रोजच्या सौम्य चालवण्यात पॅड इतके कमी वापरले जातात, की डिस्कवर गंज चढतो आणि कॅलिपरच्या पिना अडकतात. त्यामुळे पिना साफ करून वंगण लावणे, ब्रेक ऑइल बदलणे आणि दर्जेदार पॅड घालणे एवढ्यावर बहुतेकांचे भागते. मात्र टोयोटाच्या काही गाड्यांत गाडी बंद असतानाही, नुसते दार उघडल्यावर, ब्रेकचा विद्युत पंप दाब तयार करतो; म्हणून पॅड बदलण्यापूर्वी ती यंत्रणा पुस्तिकेप्रमाणे निष्क्रिय करणे अनिवार्य आहे, नाहीतर कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो किंवा बोटे सापडतात.

सस्पेन्शनमध्ये मागचा अँटी-रोल बार किंचित जाड घेणे आणि शॉक ॲब्सॉर्बर ताजे असणे पुरेसे आहे. स्प्रिंग फार खाली आणल्यास गाडीच्या पोटाखालची हवा वळवणारी आच्छादने घासतात, आणि ती काढून टाकली की हवेचा रोध वाढतो.

सहावी पायरी: इंजिन आणि संगणक

प्रियससारख्या गाड्यांचे इंजिन ॲटकिन्सन धर्तीवर चालते. हवा आत घेणारी झडप मुद्दाम उशिरा मिटते आणि आत आलेल्या हवेचा काही भाग परत बाहेर ढकलला जातो. सिलिंडरमधील वायू फैलावण्याचे १३ ला १ असे मोठे प्रमाण इंधनातून अधिक काम काढून घेण्यासाठी वापरले जाते, अधिक ताकदीसाठी नाही. जे इंजिन घेतलेली हवा स्वतःहून परत करते, त्याला मोकळा एअर फिल्टर देऊन काय मिळणार? एक्झॉस्ट बदलणे तर काही वेळा तोट्याचे ठरते. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये एक्झॉस्टच्या उष्णतेने कूलंट लवकर तापवण्याची सोय आहे. ती काढली, तर इंजिन गार राहते, बंद होण्यास उशीर करते आणि इंधन जास्त पिते. एक्सिलरेटरच्या तारेत बसवण्याच्या पेट्या केवळ पायाच्या दाबाचा अर्थ बदलतात. पूर्ण दाबलेल्या एक्सिलरेटरवर गाडी पूर्वीइतकीच धावते. गाडीतला ‘पॉवर’ मोड नेमके हेच फुकट करतो.

टर्बो इंजिनाच्या माइल्ड किंवा प्लग-इन हायब्रीडमध्ये रिमॅपिंग खरोखर गुण देते, कारण तिथे बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब, वाढवता येतो. पण ट्यूनरला तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. इंजिन आणि मोटर यांचा एकत्रित टॉर्क किती होणार आणि गिअरबॉक्सची मर्यादा किती? हायब्रीडचा मुख्य नियंत्रक इंजिनाच्या वाढीव टॉर्कचा अंदाज चुकवून मोटरचा हात आखडता घेणार नाही ना? आणि बॅटरी रिकामी असताना घेतलेला डायनोचा आलेख दाखवता येईल का? तिसऱ्या प्रश्नावर जो चाचरतो, त्याने बहुधा फक्त भरलेल्या बॅटरीवरचा सुखद आकडा मोजलेला असतो. मूळ सॉफ्टवेअरची प्रत स्वतःजवळ ठेवावी. अधिकृत सर्व्हिसमध्ये अपडेट झाले की रिमॅप पुसला जाऊ शकतो. उत्प्रेरक (एक्झॉस्टमधील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो धुडकावावा. अनेक देशांत तो गुन्हा आहे आणि फायदा नगण्य आहे.

बॅटरी मोठी करण्याबद्दल

वाढीव बॅटरीचा मोह जुना आहे. २००४ नंतर काही उत्साही अभियंत्यांनी प्रियसला जास्तीची बॅटरी जोडून ती घरच्या सॉकेटवर चार्ज होणारी केली, आणि पुढे त्याचे तयार संचही विकले गेले. त्यांतून इंधन वाचले. पण २००८ साली अशा एका रूपांतरित गाडीला आग लागली, तेव्हा तपासात बोल्टने आवळायचा एक विद्युत जोड नीट बसवलेला नसल्याचे आढळले. दोष रसायनाचा नव्हता, आवळणीचा होता. म्हणून नवशिक्याने इतकेच करावे: थकलेली बॅटरी त्याच मापाच्या, सर्व मॉड्यूल (सेलचे सुटे गट) नवे असलेल्या पॅकने तज्ज्ञाकडून बदलून घ्यावी. एखाद-दुसरे मॉड्यूल बदलून जुळवलेली बॅटरी काही काळ चालते, मग शेजारचे कच्चे मॉड्यूल मान टाकते.

प्रत्येक बदलानंतर चौथ्या पायरीतली सहा फेऱ्यांची चाचणी पुन्हा घ्यावी, आणि एका वेळी एकच बदल करावा. नवे टायर, नवे पॅड व रिमॅप एकाच आठवड्यात उरकले, तर कशाने काय झाले हे कधीच कळत नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवावेत, वॉरंटीच्या अटी आधी वाचाव्यात आणि काढलेले मूळ भाग खोक्यात नावे लिहून जपून ठेवावेत. सहाव्या फेरीत इन्व्हर्टरचे तापमान पूर्वीपेक्षा वर जात असेल, तर शक्ती वाढवणे तिथेच थांबवून आधी त्याच्या कूलंटचा पंप आणि रेडिएटर पाहावा.